पाऊण इंचाचा एक पिक्सेल

१२८ बाय ९६ पिक्सेलचं एक चित्र मला आठ फूट बाय सहा फूट करायचं होतं, आणि तेही कडा जराही न विरघळता. काम गणपतीच्या सजावटीचं. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत अर्ध्याहून जास्त घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची, त्यामुळे यंदाचा देखावा ठरला तो 'गणपतीला गावी निघालेली एसटी'. मूर्तीमागे मोठा पडदा हवा होता. मुलांनी हट्ट धरला की काकू, ते जुन्या व्हिडिओ गेमसारखं चौकोनी-चौकोनी करा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कार्ट्रिजवाल्या गेमवर त्यांचे आईवडील वाढले, आणि ही पोरं आता मोबाइलवर तसलंच काही खेळतात. दोन्ही पिढ्यांना ओळखीचं वाटेल असं चित्र मंडळाच्या हातात क्वचितच येतं, म्हणून मी आनंदाने हो म्हटलं.

पिक्सेल आर्ट मी बरीच वर्षं करते. यात प्रत्येक ठिपका हाताने ठेवलेला असतो, आणि एक ठिपका इकडचा तिकडे झाला की चेहरा बदलतो. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावरची चिन्हं सुझन केअर यांनी आधी चौकटीच्या कागदावर, ३२ बाय ३२ घरांत बसवली होती. तेवढ्या घरांत हसरा संगणक, कचऱ्याचा डबा, बाँब हे सगळं मावलं. मला त्या शिस्तीचं आकर्षण आहे. जागा कमी असली की प्रत्येक घराचा विचार करावा लागतो.

आमच्या चित्रात समोरून येणारी लाल परी, मागे हिरवा घाट आणि पाऊस. रंग मोजून सोळा. बसचं तोंड ४४ पिक्सेल रुंद. हेडलाइट चार बाय चारचा, चारही कोपरे काढलेले, म्हणजे बारा पिक्सेल उरले. त्यातला डावीकडचा वरचा एक पिक्सेल पांढरा आणि बाकी पिवळे. तो एक पांढरा ठिपका काढला तर दिवा विझल्यासारखा दिसतो. पावसाचा थेंब एक पिक्सेल रुंद, दोन उंच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काचेवरच्या पाटीत. पाटीला उंची मिळाली आठ पिक्सेल. वरखाली एकेक ओळ मोकळी सोडली की अक्षराला सहा ओळी उरतात, त्यातली पहिली शिरोरेषेची. देवनागरी इतक्या कमी जागेत बसवायची तर वेलांटी, मात्रा, उकार यांना जागाच नसते. 'सावंतवाडी'ला अनुस्वार आणि वेलांटी दोन्ही, 'कणकवली'ला वेलांटी, 'देवगड'ला मात्रा. 'मालवण'मध्ये मात्र फक्त एक काना आहे. शिरोरेषेच्या वर काही नाही आणि पायाखाली काही नाही. म्हणून आमची बस मालवणला जाते. वेंगुर्ल्याचे एक काका थोडे नाराज झाले, पण त्यांना कागदावर रफार आणि उकार काढून दाखवला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

हे सगळं मी गिम्पमध्ये केलं. गिम्प हे चित्रं काढण्या-सुधारण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्यात 'पेन्सिल' हत्यार घेऊन आकार एक पिक्सेल ठेवला की ठिपका जिथे ठेवाल तिथेच बसतो. 'पेंटब्रश' घेतला तर तो कडेला मऊ करायला बघतो, त्यामुळे या कामात तो हाती धरायचाच नाही.

मग वाढवण्याची वेळ आली. 'इमेज' मेन्यूत 'स्केल इमेज' आहे. रुंदी-उंची भरायची, मधली साखळी जोडलेली ठेवायची म्हणजे प्रमाण बिघडत नाही. त्याच्या खाली 'इंटरपोलेशन' नावाची एक छोटी यादी असते: नन, लिनियर, क्युबिक, नोहेलो, लोहेलो. आयतं निवडलेलं असतं ते क्युबिक. बहुतेक लोक रुंदीचा आकडा बदलतात आणि या यादीकडे न पाहता बटण दाबतात. पण अख्ख्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

सॉफ्टवेअर असं का वागतं हे मी मुलांना बसवून समजावलं, कारण त्यांनाही पुढे असं काही करायचं आहे. चित्र मोठं करताना सॉफ्टवेअरपुढे प्रश्न असतो: मूळ चित्रात १२८ उभ्या रांगा आहेत, नव्यात ६,९१२ हव्यात, मधल्या जागांत कोणता रंग भरू? त्याची समजूत अशी की आपण फोटो दिला आहे. फोटोत आभाळ हळूहळू फिकं होत जातं, गालावर सावली हळूहळू चढते, त्यामुळे दोन पिक्सेलच्या मध्ये मधला रंग असणारच असं धरणं तिथे रास्त आहे. लिनियर पद्धत आजूबाजूच्या चार पिक्सेलची सरासरी काढते. क्युबिक सोळा पिक्सेल विचारात घेते, आणि त्यातल्या लांबच्यांना उणे वजन देते म्हणून गडद रेषेच्या बाहेर एक फिकी झालर उमटते. फोटोला त्यामुळे धार येते. आमच्या पाटीवरच्या काळ्या अक्षरांभोवती मात्र ती झालर मळक्या बोटांच्या ठशांसारखी दिसते.

लाल आणि हिरव्याचं उदाहरण घेतलं तर आणखी स्पष्ट होतं. संगणक प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत मांडतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. आमच्या बसचा लाल साधारण २००, ३०, ३० असा होता, घाटाचा हिरवा ४०, १२०, ५०. दोघांची सरासरी काढा: १२०, ७५, ४०. हा मातकट तपकिरी. मी तो रंग चित्रात कुठेही ठेवलेला नाही, माझ्या सोळांत तो नाहीच. पण क्युबिकने वाढवलं की बसच्या अख्ख्या कडेने त्या तपकिरीचा पट्टा धावतो, आणि लांबून बस गंजलेली दिसते. मुलांना दोन्ही प्रती शेजारी उघडून दाखवल्या तेव्हा एका मुलीने सगळ्यात आधी तेच टिपलं: "काकू, हिला चिखल लागलाय."

'नन' निवडलं की सॉफ्टवेअर सरासरी काढायचं सोडून देतं. नव्या प्रत्येक जागेसाठी ते फक्त एवढंच बघतं की मूळ चित्रातला सगळ्यात जवळचा पिक्सेल कोणता, आणि त्याचा रंग जसाच्या तसा उचलतं. फोटोशॉपमध्ये याला 'निअरेस्ट नेबर' म्हणतात आणि पुढे 'हार्ड एजेस' असं लिहिलेलं असतं. क्रिताच्या फिल्टरच्या यादीतही 'निअरेस्ट नेबर' आहे. एसप्राइट तर पिक्सेल आर्टसाठीच बनवलेलं, त्यात निर्यात करतानाच किती टक्के मोठं हवं ते विचारतात. इमेजमॅजिक वापरणाऱ्यांनी फिल्टर म्हणून 'पॉइंट' द्यायचा. नावं वेगळी असली तरी सगळीकडे गोष्ट तीच: मधला रंग स्वतःच्या मनाने बनवू नकोस.

गिम्पमध्ये अजून एक सोय आहे आणि ती मला फार आवडते. 'इमेज'मधल्या 'मोड'मध्ये जाऊन चित्र 'इंडेक्स्ड' केलं की त्याच्याजवळ फक्त तुम्ही दिलेल्या रंगांची यादी उरते. यादीबाहेरचा रंग ठेवायला जागाच नसल्यामुळे इंडेक्स्ड चित्र गिम्प नेहमी इंटरपोलेशनशिवायच वाढवतं, आणि स्केलच्या खिडकीत तशी सूचनाही दाखवतं. मंडळातला दुसरा कोणी नंतर फाइल हाताळणार असेल तर इंडेक्स्ड करून देणं हा मला सगळ्यात खात्रीचा बंदोबस्त वाटतो.

वाढवल्यावर डोळ्यांवर विसंबायचं नाही. 'कलर्स' मेन्यूत 'इन्फो', त्यात 'कलरक्यूब ॲनालिसिस'. चित्रात वेगवेगळे रंग किती आहेत ते हे सांगतं. वाढवण्याआधी सोळा होते, नंतरही सोळाच यायला हवेत. क्युबिकच्या प्रतीत हा आकडा कुठल्या कुठे गेला. या एका आकड्याने वाद मिटतो, कारण "मला तर स्पष्ट दिसतंय" असं म्हणणाऱ्यापुढे नुसतं चित्र ठेवून भागत नाही.

आता किती पट वाढवायचं. इथे हिशेब आधी करायला हवा, आणि तो फुटांपासून सुरू होतो. पडदा आठ फूट म्हणजे ९६ इंच रुंद. चित्र १२८ पिक्सेल. ९६ भागिले १२८, म्हणजे एक पिक्सेल पाऊण इंचाचा. फ्लेक्सवाले मोठ्या पडद्यासाठी इंचाला ७२ पिक्सेल मागतात. पाऊण इंच गुणिले ७२ झाले ५४. म्हणजे माझा प्रत्येक पिक्सेल ५४ बाय ५४ चा चौकोन व्हायला हवा, आणि फाइल ६,९१२ बाय ५,१८४ ची. पूर्णांक आला की हायसं वाटतं. मुळात १२८ बाय ९६ हा आकार मी आठ-सहाच्या पडद्याशी जुळेल असाच घेतला होता. चार-तीनचं प्रमाण दोन्हीकडे. कोणी इंचाला १०० म्हणालं असतं तर ७५ पट, तेही चाललं असतं. १५० म्हणालं असतं तर ११२.५ पट आलं असतं, आणि तो अर्धा मला नको होता.

पूर्णांकाचा आग्रह का, तर अर्धा पिक्सेल 'नन'ने करता येत नाही. मग काही रांगा ११२ च्या होतात, काही ११३ च्या. इतक्या मोठ्या पटीत ते कोणाला दिसणार नाही हे खरं. पण लहान पटीत हाच प्रकार चित्राची वाट लावतो. अडीच पट वाढवलं तर एक रांग दोनची, पुढची तीनची, पुन्हा दोनची. आमच्या पावसाचे दोन थेंब एकाच मापाचे काढले असूनही रुंदीत सारखे येतील याची खात्री उरत नाही, आणि शिरोरेषा कुठे पडते त्यावर ती जाड की बारीक हे ठरतं. इथे धूसरपणा अजिबात नसतो, कडा धारदारच असतात, तरी चित्र वेडंवाकडं वाटतं आणि बघणाऱ्याला कारण सापडत नाही.

आकार ठरला तेव्हा फक्त नमुना म्हणून छोटी फाइल फ्लेक्सच्या दुकानात दिली होती, भाव विचारायला. त्यांनी तीच परस्पर मोठी करून प्रूफ पाठवलं. बस धुक्यातून येत होती. फोन केला तर ऑपरेटरदादा म्हणाले, "ताई, फाइल फाटत होती, म्हणून जरा स्मूथ करून घेतली." त्यांच्या धंद्यात हे बरोबरच आहे. दिवसभर लोक त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवर आलेले वाढदिवसाचे फोटो आणून देतात, त्या फोटोंत चौकोन दिसू लागले की गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुरतं. चौकोन लपवणं हीच त्यांची सेवा. पण आमच्याकडे चौकोन म्हणजेच चित्र होतं, आणि हे फोनवर सांगून पटण्यासारखं नव्हतं. मी पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात गेले.

फाइल पीएनजी होती, आणि कॉपी करताना त्यांनी आकार बघितला. "एवढीशी? एक एमबीपण नाही? आठ-सहाला नाही चालणार." इथे मला फार बरं वाटलं, कारण शंका योग्य जागी होती आणि उत्तर दाखवता येण्यासारखं होतं. मुळात चित्रात १२,२८८ पिक्सेल. वाढवल्यावर साडेतीन कोटींच्या वर. पण प्रत्येक ५४ बाय ५४ च्या चौकोनात एकच रंग, आणि एका ओळीखालच्या त्रेपन्न ओळी तिची हुबेहूब नक्कल. पीएनजी अशी पुनरावृत्ती एकदा लिहून ठेवते आणि बाकी 'पुन्हा तेच' एवढं नोंदवते, त्यामुळे फाइल हलकी होते. माहिती काहीच गळत नाही. त्यांनी फोटोशॉपमध्ये उघडून १०० टक्क्यांवर झूम केलं, कडा बघितली आणि म्हणाले, "एकदम शार्प आहे की."

मग एक बारीक अडचण आली, जी मला आधीपासून माहीत असल्यामुळे मी त्यांच्या शेजारीच बसले होते. फोटोशॉपच्या 'इमेज साइझ'मध्ये रिझोल्यूशन ७२ ऐवजी ७२.००९ दिसत होतं. पीएनजी हा आकडा इंचाला किती असा साठवत नाही, मीटरला किती असा साठवते, तोही पूर्णांकात. ७२ चे होतात मीटरला २,८३४.६, ते पूर्ण करून २,८३५, आणि उलट इंचात आणले की ७२.००९. ऑपरेटरला असला आकडा दिसला की तो हात घालून ७२ करतोच. त्या क्षणी खालचं 'रिसॅम्पल' चालू असेल तर फोटोशॉप पिक्सेलची संख्या बदलून अख्खं चित्र नव्याने रांधतं, आणि सगळ्या कडा पुन्हा मऊ. उपाय सोपा: आधी 'रिसॅम्पल'ची खूण काढायची, मग ७२ लिहायचं. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छपाईचा आकडा बदलतो. दादांनी तसं केलं, आणि ही गोष्ट त्यांनी लगेच शेजारच्या मुलालाही दाखवली.

तिथून फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत गेली. रंगांचा थोडा तजेला जातो, स्क्रीनवरचा लाल शाईत तसाच्या तसा मिळत नाही. पण पिक्सेलच्या कडा त्याने हलत नाहीत, म्हणून मी तिथे अडून बसले नाही. अडून बसले ते जेपीईजीवर. दुकानाची सवय जेपीईजीची. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून प्रत्येक तुकडा लहरींच्या बेरजेत मांडते. तुकड्याच्या मधूनच लाल-हिरव्याची कडा गेली की त्या लहरींचे तरंग कडेच्या दोन्ही बाजूंना उरतात. ५४ ला आठने भाग जात नाही, त्यामुळे आमच्या चित्रात चारपैकी तीन कडा कुठल्या ना कुठल्या तुकड्याच्या पोटातून जाणार होत्या. शिवाय रंगाची माहिती बरेचदा अर्ध्या बारकाव्याने साठवली जाते, आणि त्याचा फटका लालला सगळ्यात जास्त बसतो. आम्ही टिफ केली, त्या प्रकारच्या फाइलीत पिक्सेल जसेच्या तसे ठेवता येतात. मशीनच्या सॉफ्टवेअरने ती विनातक्रार घेतली.

अख्ख्या पडद्याआधी एक फूट रुंदीची पट्टी छापून घेतली, पाटी आणि डावा हेडलाइट येईल अशी. मोठा फ्लेक्स छापण्याआधी अशी पट्टी मागायला कोणीही संकोच करू नये, पैसे किरकोळ लागतात. एवढ्यासाठी की फाइल कितीही नीट दिली तरी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर शेवटच्या क्षणी 'पानात बसवा' म्हणून स्वतः ताणू शकतं. छापलेल्या पट्टीवर मोजपट्टी ठेवून मोजलं: पांढरा ठिपका पाऊण इंच बाय पाऊण इंच. 'मालवण'ची शिरोरेषा सलग, पाऊण इंच जाड. जवळून बघितलं तर शाईचे बारीक कण दिसतात, ते मशीनचेच. चौकोनाच्या कडेवर दुसरा रंग नव्हता.

मंडळाच्या सभेत मात्र दोन सूचना आल्या. पहिली अशी की बस थोडी तिरकी करा, घाटाच्या वळणावर झुकल्यासारखी. सूचना चांगली होती. पण मोठ्या फाइलवर फिरवण्याचं हत्यार चालवलं तर चौकोनच तिरके होतात: घाटाचे चौकोन सरळ उभे आणि बसचे कलते. लहान फाइलवर फिरवलं तर सरळ रेषांना दातरे पडतात आणि पाटीची अक्षरं मोडतात. एसप्राइटमध्ये 'रॉटस्प्राइट' म्हणून एक पद्धत आहे, ती आधी चित्र आतल्या आत मोठं करते, फिरवते आणि परत लहान करते. आकृती बरीच सांभाळली जाते, तरी नंतर हाताने डागडुजी लागतेच. मी सरळ मूळ १२८ बाय ९६ वर गेले आणि दर काही रांगांनंतर बसचा भाग एकेक पिक्सेल वर सरकवत नेला. पाटी मधोमध होती, तिला एकाच पायरीवर ठेवलं. मग पुन्हा ५४ पट. मूळ लहान फाइल जपून ठेवल्याचा फायदा असा मिळतो, दुरुस्ती नेहमी तिथे करायची आणि वाढवलेली प्रत दर वेळी नव्याने काढायची.

दुसरी सूचना देणगीदारांची नावं चित्राच्या तळाशी टाकण्याची. हे मी ठामपणे नाकारलं. पाऊण इंचाच्या चौकोनांच्या चित्रावर गुळगुळीत संगणकीय अक्षरं बसवली की दोन्हीही परकी दिसतात. एका चित्रात एकाच मापाचा पिक्सेल असायला हवा, असं मला मनापासून वाटतं; चित्रकला म्हणून त्याला एकसंधपणा तिथूनच येतो. नावांची वेगळी पट्टी खाली लावायची ठरली, आणि देणगीदारांना उलट ठळक जागा मिळाली.

मंडळातल्या एका इंजिनिअर मुलाने विचारलं की हल्ली चित्र हुशारीने मोठं करणारी साधनं आहेत, ती का नको? प्रश्न जुना आहे आणि त्याचा इतिहास रंजक आहे. १९९२ च्या सुमारास लुकासआर्ट्स या गेम कंपनीत एरिक जॉन्स्टन हे पीसीवरचे ३२० बाय २०० चे गेम रंगीत मॅकवर नेत होते, जिथे पडदा जवळपास दुप्पट बारकाव्याचा होता. त्यांनी ईपीएक्स नावाची युक्ती काढली: प्रत्येक पिक्सेलचे चार करायचे, पण एखाद्या कोपऱ्याला लागून असलेले दोन शेजारी सारखे असतील तर त्या कोपऱ्याला शेजाऱ्याचा रंग द्यायचा. त्याने तिरक्या रेषांचे जिने सौम्य होतात, आणि नवा रंगही तयार होत नाही. पुढे २००१ मध्ये आंद्रेआ माझोलेनी यांचं स्केल२एक्स आलं, निघालं ते तेच. नंतर एचक्यूएक्स, एक्सबीआर आले. २०११ मध्ये कोफ आणि लिशिन्स्की यांनी पिक्सेलमधून थेट वक्र रेषा काढण्याची पद्धत मांडली. जुने गेम आजच्या पडद्यावर खेळताना यातली काही साधनं सुरेख काम करतात, कारण तिथे लोकांना आकृती हवी असते.

आमच्या बसवर मी स्केल२एक्स लावून त्या मुलाला दाखवलं. घाटाची कड छान वळली. पाटीतल्या 'ण'ची पोटातली जागा कोपऱ्यांनी भरत आली, आणि हेडलाइट गोल झाला. पण मला तो गोल नको होता. कोपरे काढलेला चौकोन पंधरा फुटांवरून डोळा स्वतःच गोल करून घेतो, आणि ते करण्यात बघणाऱ्याला जी मजा येते ती मी का काढून घ्यावी? त्या मुलाला हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्याने ईपीएक्सचा नियम वहीत उतरवून घेतला आणि स्वतः प्रोग्रॅम लिहितो म्हणाला.

त्यानेच जुन्या गेमचा एक स्क्रीनशॉट शेजारच्या फलकासाठी आणला होता, ३२० बाय २०० चा. तो बघताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या काळचा मॉनिटर चार-तीनचा होता, त्यामुळे ते पिक्सेल चौरस नसून उभट दिसायचे. सरळ पाच पट केलं तर सगळी माणसं बुटकी होतात. आडवं पाच पट आणि उभं सहा पट केलं की १,६०० बाय १,२०० येतं, प्रमाण बरोबर चार-तीन, आणि दोन्ही पटी पूर्णांक. गिम्पमध्ये त्यासाठी साखळी तोडून दोन्ही आकडे वेगळे भरायचे.

पडदा लागल्यावर सगळ्यांना तो फोनवर हवा झाला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि जेपीईजी होतो, म्हणून मी 'डॉक्युमेंट' म्हणून पीएनजी पाठवली. इन्स्टाग्रामच्या चौरस पोस्टसाठी १,०८० रुंदी लागते. १२८ ने भागलं तर ८.४३७५, म्हणजे अडचण. तिथे आठ पट केलं, १,०२४ बाय ७६८, आणि उरलेली जागा घाटाच्या गडद हिरव्याने भरली: डावी-उजवीकडे २८, वरखाली १५६. ज्यांना कडेपर्यंत भरलेलंच हवं असेल त्यांनी आधी 'नन'ने नऊ पट करावं, १,१५२ होतं, आणि मग साध्या लिनियरने १,०८० वर आणावं. कडेचा फक्त एकेक पिक्सेल मिसळतो, बाकी चौकोन सपाट राहतात. पूर्णांक जमतच नसेल तेव्हा मी हा मार्ग घेते.

आणि मालवणच्याच एका कुटुंबाला टी-शर्ट हवे होते, छातीवर बारा इंच रुंद, इंचाला ३०० पिक्सेल. म्हणजे ३,६००, १२८ ने भागल्यावर २८.१२५. अठ्ठावीस पट करून ३,५८४ ची फाइल दिली. चित्र बारा इंचांना दीड मिलिमीटरही कमी पडत नव्हतं. छपाईवाल्यांना सांगितलं की आहे त्या मापात छापा, ताणून बारा करू नका. त्यांनी ऑर्डरच्या कागदावर लाल पेनने लिहून घेतलं: 'साइझ बदलायची नाही.'